परदेशी अनाथालयांतील स्वयंसेवा : रुमानिया, नेपाळ आणि कंबोडिया यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

२५ डिसेंबर १९८९ रोजी रुमानियाचे हुकूमशहा निकोलाय चाउसेस्कू व त्यांच्या पत्नी एलेना यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतरच्या काही आठवड्यांत पश्चिम युरोप व अमेरिकेतील पत्रकार त्या देशात मुक्तपणे हिंडू लागले आणि तोपर्यंत जगाच्या दृष्टीआड राहिलेल्या एका संस्थेचे दरवाजे उघडले गेले. ही संस्था म्हणजे सरकारी बालगृह. लोखंडी पलंगांना बांधलेली, डोके भादरलेली, तासन्‌तास एकाच लयीत मागे-पुढे झुलणारी मुले १९९० साली दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून घरोघरी दिसली. सीरेत आणि चिगिद ही तोवर कोणाला ठाऊक नसलेली गावे या कारणाने कुप्रसिद्ध झाली. ती दृश्ये पाहून परिचारिका, गवंडी, सुतार, विद्यार्थी, गृहिणी अशी हजारो माणसे घर सोडून रुमानियाकडे निघाली. परदेशातील अनाथालयात जाऊन मुलांसाठी काही दिवस श्रमदान करणे ही कल्पना सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती प्रामुख्याने येथून पुढे.

या चळवळीचा इतिहास आजवर बहुधा दात्याच्या बाजूने सांगितला गेला आहे. किती ट्रक गेले, किती निधी जमला, किती तरुणांना जीवनाचा अर्थ गवसला, असे त्याचे स्वरूप असते. जे मूल त्या इमारतीत आधीही होते आणि स्वयंसेवक परतल्यानंतरही तेथेच राहिले, त्याच्या बाजूने हा इतिहास पाहिला असता वेगळे चित्र दिसते. करुणा खरी होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पंधरा-वीस वर्षांच्या अवधीत याच करुणेने काही देशांत अनाथ मुलांची मागणी निर्माण केली आणि ती मागणी पुरवणारी माणसेही तेथे उभी राहिली. हे कसे घडले याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अप्रस्तुत ठरणार नाही. मराठीत 'पोरका' आणि 'अनाथ' हे दोन्ही शब्द आहेत आणि त्यांत सूक्ष्म भेद आहे. आईबाप गेलेले मूल पोरके. ज्याला कोणी त्राता नाही ते अनाथ. पुढील विवेचनातील बहुसंख्य मुले पोरकी नव्हती. त्यांना अनाथ करण्यात आले होते.

हुकूमनामा क्रमांक ७७०

रुमानियातील बालगृहे युद्धाने अथवा रोगराईने भरलेली नव्हती. ती एका लोकसंख्याविषयक धोरणाने भरली होती. ऑक्टोबर १९६६ मध्ये चाउसेस्कू सरकारने हुकूमनामा क्रमांक ७७० जारी करून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रिया, चार मुलांच्या माता आणि काही वैद्यकीय प्रकरणे एवढ्यांनाच त्यातून सूट होती. गर्भनिरोधक साधने बाजारातून जवळपास नाहीशी झाली. अपत्यहीन प्रौढांवर कर बसवण्यात आला. पुढील काळात तर कारखान्यांतील स्त्री-कामगारांची स्त्रीरोगविषयक तपासणी करून गर्भधारणेवर पाळत ठेवण्यापर्यंत मजल गेली. परिणाम तात्काळ दिसला. दर स्त्रीमागे जन्मणाऱ्या मुलांचे प्रमाण १९६६ मध्ये १.९ च्या आसपास होते. १९६७ मध्ये ते सुमारे ३.७ वर गेले. या पिढीला रुमानियन भाषेत 'हुकूमनाम्याची मुले' असेच नाव पडले.

ही वाढ टिकली नाही. बेकायदा गर्भपाताच्या वाटा लोकांनी शोधल्या आणि जन्मदर पुन्हा घसरला. मात्र त्या वाटांवर हजारो स्त्रिया दगावल्या. राजवटीच्या अखेरीस रुमानियातील मातामृत्यूचे प्रमाण युरोपात सर्वाधिक होते.

जी मुले जन्मली आणि जी पोसणे कुटुंबाला शक्य नव्हते, त्यांची सोय १९७० च्या कायद्याने लावली. शून्य ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'पाळणाघरे' आणि त्यापुढील वयासाठी 'बालगृहे' अशी ती रचना होती. तिसऱ्या वर्षी मुलाची तपासणी होई. त्यात जे मूल अपंग किंवा 'सुधारण्यापलीकडचे' ठरे, त्याची रवानगी निराळ्या रुग्णालयवजा गृहात केली जाई. पायाने अधू असलेले पण बुद्धीने शाबूत असलेले मूलही या चाळणीतून खाली पडे. शासनच पालक होऊ शकते, किंबहुना गरीब आईबापांपेक्षा अधिक चांगला पालक होऊ शकते, हा विश्वास या व्यवस्थेच्या मुळाशी होता. १९८० च्या दशकात परकीय कर्ज फेडण्यासाठी सरकारने अन्न, वीज व इंधन यांत कठोर कपात केली. तिची झळ सर्वांना लागली, परंतु ज्यांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते त्यांना ती सर्वाधिक लागली. अशक्त अर्भकांना थोडे थोडे रक्त चढवण्याची प्रथा आणि एकच सुई अनेकांना वापरण्याची सवय यांमुळे एचआयव्हीचा प्रादुर्भाव झाला. १९९० च्या अखेरीस रुमानियात नोंदलेल्या एड्सच्या रुग्णांत बहुसंख्य, म्हणजे हजाराहून अधिक, लहान मुले होती. राजवट कोसळली त्या वेळी देशभरच्या संस्थांत एक लाखाहून अधिक मुले होती. त्यांतील बहुतेकांचे आईबाप हयात होते.

मदतीचे ट्रक आणि आलिंगने

१९९० मध्ये ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स येथून औषधे, दुधाची भुकटी, कपडे आणि खेळणी यांनी भरलेले ट्रक रुमानियात येऊ लागले. बीटल्स या वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांच्या पत्नी ऑलिव्हिया हॅरिसन यांच्या पुढाकाराने 'रुमानियन एंजल अपील' ही संस्था स्थापन झाली व तिच्यासाठी त्याच वर्षी एक ध्वनिमुद्रिकाही निघाली. पहिल्या लाटेतील स्वयंसेवकांचे काम नाकारता येणार नाही. त्यांनी तुंबलेली शौचालये दुरुस्त केली, गरम पाण्याची सोय केली, खिडक्यांना काचा बसवल्या, खरजेवर औषध लावले. ज्या गृहात हिवाळ्यात मुले थंडीने आणि न्यूमोनियाने मरत, तेथे चालू झालेल्या तापकाची किंमत कोणत्याही सिद्धान्तापेक्षा मोठी आहे.

तथापि नळ दुरुस्त करणे आणि मूल कडेवर घेणे ही दोन कामे एका जातीची नाहीत. पहिले काम करणारा निघून गेला तरी नळ वाहता राहतो.

स्वयंसेवकांच्या आठवणींत एक प्रसंग वारंवार येतो. दार उघडताच मुले धावत येतात, अनोळखी माणसाच्या मांडीवर चढतात, गळ्यात हात टाकतात आणि 'मामा' म्हणजे आई अशी हाक मारतात. येणाऱ्याला भरून येते. ही मुले प्रेमाची भुकेली आहेत आणि आपल्याला पाहून ती आनंदली, असा त्याचा अर्थ लावला जातो. बालमानसशास्त्राने त्याचा लावलेला अर्थ भिन्न आहे. ज्या मुलाला कोणी एक आपले माणूस असते, ते परक्याला पाहून बिचकते आणि आपल्या माणसाच्या पदराआड जाते. घरातल्या दीड वर्षाच्या मुलाचे पाहुण्यांसमोरचे वागणे आठवून पाहावे. जे मूल कोणत्याही परक्याकडे बेधडक झेपावते, त्याला आपला आणि परका हा भेदच उमगलेला नसतो. अभ्यासकांनी यास निर्विशेष सलगी अशा अर्थाची संज्ञा दिली असून ते संस्थाजीवनाने झालेल्या हानीचे लक्षण मानले जाते. स्वयंसेवकाला जे स्वागत वाटले, ती खरे तर जखम होती. दर दोन आठवड्यांनी नवा चेहरा येणे, त्याने लळा लावणे आणि रडत निरोप घेणे या क्रमाने ती जखम भरून येणार नव्हती.

हे ज्ञान १९९० मध्ये नवीन नव्हते, ही या इतिहासातील अस्वस्थ करणारी बाब आहे. रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्येच संस्थेत वाढणाऱ्या अर्भकांच्या खालावत जाणाऱ्या अवस्थेचे वर्णन केले होते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी जॉन बोल्बी यांनी लिहिलेला माता आणि मुलाच्या वियोगावरील अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. १९७० च्या दशकात बार्बरा टिझर्ड यांनी लंडनमधील निवासी शिशुगृहांचा अभ्यास केला. ही गृहे स्वच्छ होती, खेळणी आणि पुस्तके भरपूर होती, कर्मचारी प्रशिक्षित होते. तरीही साडेचार वर्षांच्या मुलाला तोवर सरासरी सुमारे ५० निरनिराळ्या व्यक्तींनी सांभाळलेले होते आणि अनोळखी माणसांशी अतिसलगी तेथेही आढळली. म्हणजे दोष केवळ दारिद्र्याचा किंवा साम्यवादी राजवटीच्या क्रौर्याचा नव्हता. सांभाळणारे हात सतत बदलत राहणे हाच दोष होता. परदेशी स्वयंसेवेने नेमके हेच हात वाढवले.

बुखारेस्टमधील प्रयोग

रुमानियातील मुलांपैकी सुमारे दहा हजार मुले १९९० व १९९१ या काळात दत्तक म्हणून परदेशी गेली. त्यात मध्यस्थ शिरले, मुलांचे व्यवहार झाले आणि जुलै १९९१ मध्ये सरकारला दत्तकविधान काही काळ थांबवावे लागले. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून बाहेर पडलेली मुले बव्हंशी इतर मुलांच्या बरोबरीला आली. त्यानंतर बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी टिकून राहिल्या, असे त्यांना आढळले.

याहून निर्णायक पुरावा बुखारेस्टमध्ये मिळाला. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात शहरातील सहा संस्थांमधील १३६ लहान मुलांची निवड झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांतील ६८ मुले प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांकडे देण्यात आली आणि ६८ मुले प्रचलित व्यवस्थेतच राहिली. अशा विभागणीच्या नैतिकतेवर वाद झाला आणि तो होणे योग्यही होते. त्या वेळी बुखारेस्टमध्ये प्रतिपालक कुटुंबे जवळजवळ नव्हतीच, प्रकल्पाने ती निर्माण केली आणि कोणत्याही मुलाला संस्थेत ठेवण्याचा आग्रह धरला नाही, असे संशोधकांचे उत्तर होते. २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ संस्थेतील मुलांहून लक्षणीयरीत्या सरस होती आणि जितक्या लहान वयात ती गेली तितका लाभ अधिक होता.

युरोपीय संघात प्रवेश मिळवण्याची रुमानियाची आकांक्षा या काळात बालधोरणाला गती देत होती. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय दत्तकविधानाला स्थगिती मिळाली. २००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलाला, तीव्र अपंगत्वाचा अपवाद वगळता, संस्थेत ठेवण्यास मनाई केली. तो १ जानेवारी २००५ पासून अमलात आला. मोठी बालगृहे क्रमाक्रमाने बंद होत गेली. एका अर्थाने रुमानिया या प्रश्नातून बाहेर पडण्याच्या मार्गाला लागला आणि नेमक्या त्याच वर्षांत तोच प्रश्न आशियात नव्या रूपाने उभा राहिला.

सेवेचा कालावधी

मध्यंतरी एक मोठा बदल घडला होता. परदेशी जाऊन निराधार मुलांची सेवा करणे ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातही होती. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात १८९६-९७ च्या दुष्काळानंतर परदेशी स्त्रिया कामास आल्या. अमेरिकेतील मिनी अब्राम्स १८९८ मध्ये तेथे दाखल झाल्या आणि वर्षानुवर्षे राहिल्या. त्यांच्या धर्मप्रसाराच्या हेतूविषयी तीव्र मतभेद आहेत आणि ते येथे सोडवण्याचे कारण नाही. मुद्दा कालावधीचा आहे. समुद्रमार्गे येणाऱ्या माणसाला परतीची घाई नसे. तो स्थानिक भाषा शिके आणि मुले मोठी होताना पाही. स्वस्त विमानप्रवासाने हा हिशेब बदलला. विसाव्या शतकाच्या अखेरीस शिक्षण आणि नोकरी यांच्यामधले वर्ष जग हिंडण्यात घालवणाऱ्या पाश्चात्त्य तरुणांसाठी अनाथालयातील दोन आठवडे हा सहलीचा एक टप्पा झाला. प्रवासी कंपन्या त्यासाठी शुल्क आकारू लागल्या. आपल्याकडे अनाथाश्रमात जाऊन वाढदिवस साजरा करण्याची जी रीत पडली आहे, तिच्याशी याचे नाते दूरचे नाही.

नेपाळ : हुमल्याची मुले

नेपाळमध्ये १९९६ ते २००६ या काळात माओवादी यादवी चालली. हुमला या वायव्येकडील अतिदुर्गम जिल्ह्यात बंडखोर घरटी एक मूल आपल्या दलासाठी मागत. अशा वेळी काठमांडूहून येणारा एखादा माणूस मुलाला सुरक्षित ठेवण्याचे, शाळेत घालण्याचे आश्वासन देई आणि त्यापोटी पैसे घेई. आईबाप जमीन किंवा जनावरे विकून ते देत. राजधानीत आल्यावर मुलाची ओळख बदले. त्याच्या आईबापांच्या मृत्यूचा दाखला तयार होई आणि ते 'अनाथ' म्हणून परदेशी पाहुण्यांसमोर उभे राही. ऑस्ट्रेलियातील विधिज्ञ केट व्हॅन डोर यांनी २०१६ मध्ये अशा मुलांसाठी 'कागदी अनाथ' या अर्थाची संज्ञा वापरली. त्या स्वतः पूर्वी परदेशातील बालगृहे चालवणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी होत्या, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

हा प्रकार उजेडात आणणाऱ्यांत एक स्वयंसेवकही होता. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण २००४ च्या अखेरीस काठमांडूजवळील गोदावरी येथील बालगृहात तीन महिन्यांसाठी आला. वर्षभराच्या जगप्रवासाला काहीतरी उदात्त जोड असावी एवढाच आपला हेतू होता, अशी प्रांजळ कबुली त्याने पुढे आपल्या पुस्तकात दिली आहे. ज्यांना तो अनाथ समजत होता त्यांचे आईबाप जिवंत असल्याचे उघड झाल्यावर मात्र त्याने काम बदलले. २००६ मध्ये तो हुमल्याच्या डोंगरांत पायी हिंडला आणि मुलांची छायाचित्रे दाखवत गावोगाव पालकांना शोधत राहिला. मुलांना कुटुंबाशी जोडण्यासाठी त्याने संस्थाही काढली. त्याच संस्थेने २०१४ मध्ये केलेल्या पाहणीत एक बोलका तपशील पुढे आला. नेपाळच्या तेव्हाच्या ७५ जिल्ह्यांपैकी पर्यटकांची ये-जा असलेल्या पाच जिल्ह्यांत देशातील सुमारे ९० टक्के नोंदणीकृत बालगृहे एकवटली होती. अनाथपण पर्यटनाच्या नकाशाप्रमाणे पसरत नसते.

कंबोडिया : संध्याकाळचे नृत्य

कंबोडियाची पार्श्वभूमी याहून भीषण. ख्मेर रूज राजवटीत (१९७५-७९) लक्षावधी माणसे मारली गेली आणि त्या काळात पोरकी झालेली मुले असंख्य होती. तथापि ती पिढी नव्या शतकाच्या आरंभी प्रौढ झाली होती. १९९१ च्या पॅरिस करारानंतर शांतता येत गेली, दारिद्र्य घटत होते. या परिस्थितीत बालगृहे कमी होणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात २००५ मध्ये १५४ असलेली नोंदणीकृत बालगृहे २०१० मध्ये २६९ झाली. त्यांपैकी केवळ २१ सरकारी होती. उर्वरित जवळजवळ सर्व परदेशी देणग्यांवर चालत. वाढ सुमारे ७५ टक्के. याच पाच वर्षांत देशात येणारे परदेशी पर्यटक सुमारे १४ लाखांवरून सुमारे २५ लाखांवर गेले. ही वाढही जवळपास तेवढीच. दोन आकडे एका गतीने वाढले म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हे खरे. परंतु कंबोडियन सरकार व युनिसेफ यांच्या २०११ च्या अभ्यासात मिळालेली माहिती त्याच दिशेने बोट दाखवते. बालगृहांतील दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांना आई किंवा वडील होते. पालकांनी मुले ठेवली ती मुख्यतः शिक्षणाच्या आशेने. त्यांच्या गावात चांगली शाळा नव्हती आणि परदेशी पैशाने चालणाऱ्या बालगृहात इंग्रजी शिकवतात असे त्यांनी ऐकले होते.

कंबोडियात निराधार मुलांना नातेवाईक किंवा गावचा बौद्ध मठ सांभाळत आला होता. बालगृह ही तेथील मातीतली संस्था नव्हे. अंगकोरच्या मंदिरांजवळील सिएम रीप शहरात ती एक पर्यटनस्थळ होऊन बसली. काही बालगृहांतील मुले रस्त्यावर हस्तपत्रके वाटून पर्यटकांना संध्याकाळच्या नृत्याचे आमंत्रण देत. पाहुणे येत, मुले नाचत, देणगीची पेटी फिरे. अशा संस्थेत मुलांचे कपडे आणि निवारा सुधारणे हे चालकाच्या हिताचे नसते, कारण दैन्य हेच तिचे भांडवल असते. चांगल्या चालणाऱ्या संस्थाही होत्या आणि सर्वांना एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. परंतु प्रामाणिक चालकाकडील मुलालाही दर पंधरवड्याला नवा शिक्षक मिळे आणि वर्णमाला पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. २०११ मध्ये 'मुले ही पर्यटकांची प्रेक्षणीय स्थळे नव्हेत' अशा आशयाची मोहीम फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेने कंबोडियात सुरू केली. काचेच्या पेटीत ठेवलेल्या मुलांचे छायाचित्र पर्यटक काढत आहेत, असे तिचे भित्तिचित्र होते. २०१५ च्या अधिक काटेकोर गणनेत ४०६ निवासी बालसंस्था आणि त्यांत १६,५७९ मुले आढळली. त्यानंतर सरकारने मुलांना कुटुंबात परत पाठवण्याचे उद्दिष्ट ठरवले.

दक्षिण आफ्रिकेतील लिंडा रिक्टर व एमी नॉर्मन यांनी २०१० मध्येच एड्समुळे पोरक्या झालेल्या मुलांच्या संदर्भात या नव्या पर्यटनाचा धोका मांडला होता. धोरणात त्याचे प्रतिबिंब पडायला मात्र दशक गेले. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत अनाथालयांसाठी होणाऱ्या बालव्यापाराचा विषय घेतला आणि २०१८ मध्ये त्या देशात आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील अनियंत्रित स्वयंसेवा, विशेषतः पर्यटनाशी जोडलेली, मुलांच्या तस्करीस व शोषणास कारण होऊ शकते असे स्पष्टपणे म्हटले. १९९० मध्ये रुमानियाच्या रस्त्यांवर निघालेल्या ट्रकचालकांना असे काही ऐकावे लागेल असे स्वप्नातही वाटले नसते.

एका मुलाची साक्ष

या विषयावरील अहवालांत मुलांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. त्यामुळे इझिदोर रुकेल यांच्या आठवणींना ऐतिहासिक साधन म्हणून महत्त्व आहे. १९८० मध्ये जन्मलेल्या रुकेल यांचा एक पाय पोलिओने अधू झाला होता. 'सुधारण्यापलीकडचे' ठरून ते सीरेत येथील गृहात वाढले आणि १९९१ मध्ये एका अमेरिकन कुटुंबात दत्तक गेले. त्यांनी आत्मचरित्र लिहिले, मुलाखती दिल्या. त्यांच्या कथनात बाहेरून आलेल्या मदतीहून अधिक ठळकपणे उरली आहे ती त्या गृहात काम करणारी एक स्थानिक स्त्री. इतर कर्मचारी मारहाण करत. ही मुलांशी मायेने वागे. एकदा तिने त्यांना एका रात्रीपुरते आपल्या घरी नेले. घर, बिछाना, कुटुंबातली माणसे हे सारे त्यांनी तेव्हा प्रथमच पाहिले. दुसऱ्या दिवशी ती कामावर जायला निघाली तेव्हा आपल्यालाही कामावर ने, असा हट्ट मुलाने धरला. 'काम' हे घराइतकेच सुंदर काहीतरी असणार, अशी त्याची समजूत होती. ती दोघे पोहोचली तेव्हा समोर तीच इमारत होती.